आठ्यांच्या इंजेक्शननंतर: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

बोटॉक्स घेऊन गेलेल्या पेशंटचे फोन बहुधा तिसऱ्या ते सहाव्या दिवसात येतात. पहिला दिवस कौतुकात गेलेला असतो, तपासणीचा चौदावा दिवस अजून लांब असतो आणि मधल्या काळात आरशासमोरून हलवत नाही. त्या फोनवर मी जे सांगते तेच इथे लिहून ठेवलं आहे. प्रश्न पेशंटच्याच शब्दांत आहेत, थोडे झाडूनपुसून. ‘बोटॉक्स’ हे खरं तर एका कंपनीने आपल्या औषधाला दिलेलं नाव. औषध म्हणजे बोट्युलिनम टॉक्सिन, आणि ते आणखी काही कंपन्याही बनवतात. पण झेरॉक्ससारखं हेही नाव रुळलं आहे, म्हणून तेच वापरते.

तीन दिवस झाले डॉक्टर, आठ्या जशाच्या तशा आहेत. औषध लागू पडलं नाही का?

तिसऱ्या दिवशी हा निकाल लावता येत नाही. काहींना दुसऱ्याच दिवशी कपाळ जरा सुस्तावल्यासारखं वाटतं, बऱ्याच जणांना तिसऱ्या-चौथ्या दिवशी फरक जाणवू लागतो आणि पूर्ण परिणाम दिसायला दोन आठवडे लागतात.

एवढा वेळ लागतो त्याचं कारण औषधाच्या कामाच्या पद्धतीत आहे. हे औषध सुरकुती भरत नाही आणि त्वचेला तर हातही लावत नाही. ते जातं मज्जातंतूच्या टोकाशी, जिथून स्नायूला ‘आवळ’ असा हुकूम सुटतो. हा हुकूम म्हणजे ॲसिटिलकोलीन नावाचं रसायन. ते बारीक थैल्यांमध्ये भरून तयार असतं. थैली तंतूच्या भिंतीला चिकटून फुटली की रसायन स्नायूपर्यंत पोचतं. थैलीला भिंतीशी जोडणाऱ्या प्रथिनांपैकी एकाचं नाव स्नॅप-२५. बोटॉक्स तंतूच्या आत शिरून हे प्रथिन कापतं. थैल्या भरलेल्याच राहतात, हुकूम निघत नाही आणि स्नायू सैलावतो. आत शिरण्याचं काम काही तासांत होतं, पण कापाकापी पुरती होऊन स्नायू ढिला पडायला दिवस जातात. त्यानंतर वरची त्वचा सपाट होते.

तेव्हा इंजेक्शनची तारीख कॅलेंडरवर लिहून ठेवा. चौदाव्या दिवसाआधी कमीजास्त ठरवू नका, आणि ‘लागू पडलं नाही’ म्हणून दुसरीकडे जाऊन आणखी टोचून घेऊ नका. हा प्रकार मी पाहिला आहे. पंधराव्या दिवशी दोन्हींचा परिणाम एकत्र आला आणि भुवया जागच्या हलेनात.

कपाळावर मधमाशी चावल्यासारखे फुगवटे आलेत. सोमवारी ऑफिस आहे.

सोमवार लांब आहे, ते आज संध्याकाळपर्यंतही राहणार नाहीत. पावडर स्वरूपातलं औषध सलाइनमध्ये विरघळवून देतात, त्या पाण्याचे ते फुगवटे. साधारण अर्ध्या-एक तासात बसतात. सुईच्या जागी थोडी लाली किंवा टाचणीच्या डोक्याएवढा रक्ताचा ठिपका दिसेल, तोही जाईल.

‘चार तास आडवं व्हायचं नाही’ म्हणता, म्हणजे नेमकं काय काय करायचं नाही?

झोपायचं नाही, इंजेक्शनची जागा चोळायची नाही आणि डोकं फार वेळ खाली घालून बसायचं नाही. उद्देश एवढाच की औषध ज्या स्नायूत दिलं तिथेच राहावं, शेजारच्या स्नायूत पसरू नये. खरं सांगायचं तर या चार तासांमागचा पुरावा फार भक्कम नाही. तरीही मी ते पाळायला सांगते, कारण पाळण्याची किंमत शून्य आहे आणि पापणी खाली येण्याची किंमत तीन-चार आठवडे मोजावी लागते. देवाला वाकून नमस्कार केला तर काही बिघडत नाही. कपाळ जमिनीला टेकवून साष्टांग नमस्कार मात्र दुसऱ्या दिवशी घाला. चुकून डुलकी लागलीच तर घाबरू नका, पण पालथं झोपून चेहरा उशीत दाबलेला असेल तर मला कळवा. रात्री नेहमीसारखं झोपा. उताण्या झोपेची सवय असेल तर उत्तमच.

कुंकू लावायचं का? टिकली?

हा प्रश्न इंग्रजी माहितीपत्रकांत सापडत नाही, पण माझ्याकडे दर आठवड्याला येतो. दोन भुवयांच्या मधली जागा, जिथे आपण बोटाने कुंकू दाबून लावतो, तिथेच किंवा तिच्या दोन्ही बाजूंना सुई गेलेली असते. त्यामुळे त्या दिवशी कुंकू नको. सुईची बारीक छिद्रं उघडी असतात, त्यात रंग जाऊ देऊ नये आणि बोटाने दाबही पडू नये. टिकली दुसऱ्या दिवसापासून लावा आणि काढताना ओढू नका. हळदीकुंकवाला जायचं असेल तर दुसऱ्या दिवशी जा. समोरची बाई प्रेमाने कपाळावर अंगठा रगडते तेव्हा तिला थांबवणं अवघड असतं.

मी दुचाकीवरून आले आहे. हेल्मेट?

घालायचंच. कपाळापेक्षा डोकं महत्त्वाचं. पण घट्ट हेल्मेटची कड बरोबर कपाळावर दाबते, म्हणून जमलं तर त्या दिवशी रिक्षाने या किंवा कोणाला तरी न्यायला बोलवा. वर सैलसर सुती स्कार्फ चालेल.

जिम, सूर्यनमस्कार, शीर्षासन?

चालायला त्याच दिवशी जा. घाम गाळणारा व्यायाम, पोहणं, स्टीम हे दुसऱ्या दिवसापासून. रक्तप्रवाह वाढला की काळंनिळं होण्याची शक्यता वाढते, हे त्याचं मुख्य कारण. सूर्यनमस्कार दुसऱ्या दिवशी घातले तरी चालतील. शीर्षासनाला मी दोन दिवस थांबायला सांगते, तिथे अख्ख्या शरीराचा भार टाळू-कपाळावर येतो. कपाळ-भुवया वर-खाली हलवण्याचा ‘व्यायाम’ इंजेक्शननंतरच्या पहिल्या तासात केला तर हरकत नाही. केला नाही तरी अडत नाही.

डोळ्याच्या कडेला जांभळा डाग पडलाय. नस फुटली का?

एखादी बारीक रक्तवाहिनी सुईच्या वाटेत आली, एवढंच. डोळ्याभोवतीची त्वचा पातळ असल्याने तिथे हे जास्त दिसतं. पहिल्या दिवशी स्वच्छ रुमालात बर्फ गुंडाळून नुसता टेकवा, दाबून फिरवू नका. डाग जांभळ्याचा हिरवट, मग पिवळा होत साधारण आठवड्याभरात जातो. क्वचित दहा-बारा दिवस लागतात. दुसऱ्या दिवसापासून त्यावर मेकअप हलक्या हाताने लावता येतो.

ॲस्पिरिन किंवा रक्त पातळ करणारं दुसरं औषध चालू असेल तर डाग पडण्याची शक्यता वाढते. हृदयासाठी किंवा मेंदूसाठी दिलेलं असं औषध या इंजेक्शनसाठी परस्पर बंद करू नका. डाग आठ दिवसांत जातो, बंद गोळीचे परिणाम तसे जात नाहीत. पाठदुखीसाठी स्वतःहून घेतलेल्या गोळ्या किंवा माशाच्या तेलाच्या कॅप्सूल असतील तर त्या आधी सांगा, त्यांचं काय करायचं ते बघू.

डोकं दुखतंय.

पहिल्या एक-दोन दिवसांत काहींचं दुखतं. पॅरासिटामॉल चालेल. आयबुप्रोफेनने डाग पडण्याची शक्यता वाढते, म्हणून त्यापेक्षा तीच घ्या. डोकं असह्य दुखत असेल किंवा सोबत ताप असेल तर ती दुसरीच गोष्ट आहे, थेट दाखवायला या.

कपाळ जड वाटतं. कोणीतरी टोपी ओढून बसवल्यासारखं.

चौथ्या-पाचव्या दिवशीची ही ठरलेली तक्रार. कपाळाचा स्नायू दिवसभर नकळत भुवया उचलत असतो. तो सुट्टीवर गेला की आधी त्याची उणीव भासते. पहिल्यांदा इंजेक्शन घेणाऱ्यांना ते जास्त जाणवतं. बहुतेकांना दोनेक आठवड्यांत सवय होते.

भुवया खरोखरच खाली आल्या असतील तर मात्र प्रकरण वेगळं. भुवई वर उचलणारा स्नायू एकच, खाली ओढणारे अनेक. उचलणाऱ्याला जास्त डोस मिळाला किंवा फार खालपर्यंत टोचलं गेलं तर खाली ओढणारे जिंकतात. वयाने पापण्यांवरची त्वचा सैल झालेल्यांच्या बाबतीत आणखी एक गोम असते. ही माणसं डोळे नीट उघडे राहावेत म्हणून वर्षानुवर्षं कपाळाच्या जोरावर भुवया वर धरून असतात. त्यांच्या कपाळावरच्या आडव्या रेषा म्हणजे त्या मेहनतीच्या खुणा. त्या पूर्ण पुसायला गेलं की डोळ्यांवर पडदा उतरतो. अशांना मी कपाळासाठी नाही म्हणते किंवा अगदी थोडं देते. त्यावर रुसणारे रुसतात.

एक पापणी खाली आली आहे! हे कायमचं आहे का?

नाही. पण आधी एक गोष्ट तपासा. बोटाने भुवई हळूच वर उचला. डोळा पूर्ण उघडला तर दोष भुवईचा, म्हणजे वरच्या प्रश्नातला. भुवई उचलूनही पापणीची कड बुबुळावर अर्धवट उतरलेलीच राहिली तर ती खरी पापणी पडणं.

दोन भुवयांमधल्या आठ्यांसाठी दिलेलं औषध थोडंसं खाली झिरपून पापणी उचलणाऱ्या स्नायूपर्यंत पोचलं की असं होतं. या जागेच्या सुरुवातीच्या चाचण्यांत शंभरातल्या साधारण तिघांना हे झालं होतं. पुढे सुई टोचण्याच्या जागा नीट ठरत गेल्या तसं प्रमाण घटत गेलं. पण ‘माझ्याकडे कधीच होत नाही’ असं सांगणाऱ्या डॉक्टरने पुरेशी इंजेक्शनं दिलेली नसावीत. हे पहिल्याच संध्याकाळी दिसत नाही, औषध चढू लागतं तेव्हा, म्हणजे पहिल्या-दुसऱ्या आठवड्यात दिसतं. सकाळी बरं आणि संध्याकाळी जास्त, असा खेळ चालतो. बहुतेकांचं दोन ते चार आठवड्यांत सुधारतं, थोड्यांना त्याहून जास्त दिवस लागतात.

उतारा नाही. ओठातलं हायल्युरॉनिक ॲसिडचं फिलर, म्हणजे त्वचेखाली भरायचं जेल, बिघडलं तर ते विरघळवणारं एन्झाइम मिळतं. इथे तसं काही नाही, तंतूच्या आत गेलेलं औषध बाहेर काढता येत नाही. मात्र ॲप्राक्लोनिडीनचे डोळ्यांत घालायचे थेंब पापणीतल्या दुसऱ्या एका छोट्या स्नायूला जागं करतात आणि पापणी एक-दोन मिलिमीटर उचलतात. फोटोत एवढाही फरक बराच वाटतो. ते थेंब दुकानातून परस्पर आणू नका. काचबिंदू आणि चालू औषधं विचारल्याशिवाय मी ते लिहून देत नाही.

पापणीला मसाज, शेक, विजेच्या मशीनचे झटके यांनी वेळ जातो, पापणी उठत नाही.

एक भुवई कमानीसारखी वर गेली आहे. नाटकातल्या खलनायकासारखी दिसतेय.

कपाळाचा मधला भाग सैलावला आणि बाहेरच्या कडेचा जागा राहिला की कड एकटीच वर खेचते. यातली ही सगळ्यात सोपी दुरुस्ती. त्या कडेवर एक-दोन युनिट (हे औषध मोजण्याचं माप) दिले की काही दिवसांत कमान बसते. पण चौदाव्या दिवसापर्यंत थांबा, बऱ्याचदा ती आपोआपच समेवर येते.

चौदाव्या दिवशी कशाला बोलावता? सगळं छान आहे.

छान असलं तरी या. तुमचे दोन्ही बाजूंचे स्नायू सारखे नसतात, कोणाचेच नसतात. एकाच बाजूने चावणारा, एकच भुवई उडवणारा असा प्रत्येकाचा काहीतरी घाट असतो. पहिल्या वेळी मी अंदाजाने आणि हात राखून देते, कारण कमी पडलेलं वाढवता येतं, जास्त झालेलं काढता येत नाही. त्या दिवशी आधीचे फोटो शेजारी ठेवून कपाळाला आठ्या घाला, भुवया वर करा, जोरात हसा, असं करून घेते. काय दिलं, कुठे दिलं, किती उरलं ते कागदावर येतं. दुसऱ्या वेळचं काम मग निम्मं सोपं होतं.

हलवलं तर आठी पडत नाही, पण चेहरा स्वस्थ असतानाही भुवयांमध्ये रेघ दिसतेच. पैसे वाया?

वर्षभर घडी घालून ठेवलेली सुती साडी आठवा. उलगडली तरी घडीची रेघ राहते. तुमच्या आठ्या पंधरा-वीस वर्षं एकाच जागी पडत होत्या आणि तिथली त्वचा दुमडून झिजली आहे. बोटॉक्सने दुमडणं थांबतं, घडीची रेघ हळूहळू फिकी होते. दोन-तीन वेळा इंजेक्शनं घेतल्यावर ती बरीच पुसट झालेली मी पाहिली आहे, पण खोल रेघ पूर्ण जाईल असं वचन देत नाही. तिच्यासाठी रेटिनॉइड क्रीम, लेझर किंवा क्वचित फिलर असे वेगळे मार्ग आहेत. दोन भुवयांच्या मधल्या जागी फिलर भरणं हे जोखमीचं काम आहे. तिथल्या रक्तवाहिन्यांचा डोळ्याशी संबंध आहे आणि चुकलं तर दृष्टी जाऊ शकते. ‘स्वस्तात भरून देतो’ म्हणणाऱ्यापासून लांब राहा.

चेहरा थिजल्यासारखा दिसेल का?

डोसवर अवलंबून आहे. भुवयांमधल्या आठ्यांसाठी अधिकृत डोस बोटॉक्सचे २० युनिट, दोन्ही डोळ्यांच्या कडांना मिळून २४, कपाळाला २०. मी बऱ्याचदा कपाळाला याहून कमी देते, हालचाल थोडी राहू देते. आपल्याकडे बोलण्याचं अर्धं काम भुवया करतात. एक शिक्षिका मला म्हणाल्या, ‘आठ्या गेल्यापासून वर्गात आवाज चढवावा लागतो.’ पुढच्या वेळी आम्ही चार युनिट कमी केले.

एक सावधगिरी: वेगवेगळ्या ब्रँडची युनिटं सारखी नसतात. डिस्पोर्टचे ५० आणि बोटॉक्सचे २० हे भुवयांच्या मधोमध जवळपास सारखंच काम करतात. मैत्रिणीच्या पावतीशी आपला आकडा ताडून पाहण्यात अर्थ नाही.

किती दिवस टिकतं? आणि नंतर घेतलं नाही तर सुरकुत्या दुप्पट होतात म्हणे?

साधारण तीन ते चार महिने. हालचाल एकदम येत नाही, हळूहळू परतते. एका सकाळी दात घासताना कपाळावर पहिली पुसट आठी दिसते, आणि त्याच संध्याकाळी फोन येतो. तंतू आधी शेजारून तात्पुरत्या नव्या फांद्या फोडतो आणि नंतर मूळ टोकही कामाला लागतं.

दुप्पट वगैरे काही होत नाही. थांबवलं तर तुम्ही जिथे होतात तिथे परत येता. फक्त चार महिने सपाट कपाळ पाहून डोळ्यांना तीच सवय झालेली असते, म्हणून जुना चेहरा ‘वाढलेला’ वाटतो. आधीचा फोटो काढून ठेवण्याचा आग्रह त्यासाठीच.

लवकर परत घ्यायची घाई करू नका. मी निदान तीन महिन्यांचं अंतर ठेवते. फार लवकर आणि फार मोठे डोस घेत राहिलं तर शरीर त्याविरुद्ध प्रतिपिंडं तयार करू शकतं आणि मग औषध काम करत नाही. चेहऱ्याच्या छोट्या डोसात हे क्वचितच घडतं.

हे विषच आहे ना शेवटी?

हो, आहे. लपवण्यात अर्थ नाही. १८२० च्या सुमारास युस्टिनुस केर्नर या जर्मन डॉक्टरने खराब सॉसेज खाऊन मेलेल्यांचा अभ्यास केला. लॅटिनमध्ये ‘बोटुलुस’ म्हणजे सॉसेज, नाव तिथून आलं. गंमत म्हणजे हेच विष अगदी थोड्या प्रमाणात औषध म्हणून वापरता येईल, असंही त्याने तेव्हाच सुचवलं होतं. १८९५ मध्ये बेल्जियममधल्या एका गावात अंत्यविधीला वाजवायला आलेले वादक खारवलेलं डुकराचं मांस खाऊन आजारी पडले, त्यावरून एमिल व्हॅन एर्मेंगेमने हे विष बनवणारा जंतू शोधून काढला. सॅन फ्रान्सिस्कोचे नेत्रतज्ज्ञ ॲलन स्कॉट यांनी तिरळेपणावर ते वापरलं आणि १९८९ मध्ये अमेरिकेत त्याला औषध म्हणून मान्यता मिळाली. सुरकुत्यांचा शोध तर योगायोगाने लागला. व्हँकुव्हरच्या डोळ्यांच्या डॉक्टर जीन कॅरुथर्स पापण्या फडफडण्याच्या आजारावर ते देत होत्या. एका बाईने तक्रार केली की या वेळी भुवयांमध्ये का टोचलं नाही, तिथे टोचलं की आपला चेहरा शांत दिसतो. जीन यांचे पती ॲलिस्टर त्वचारोगतज्ज्ञ. दोघांनी १९९२ मध्ये निबंध प्रसिद्ध केला, आणि २००२ मध्ये अमेरिकेत भुवयांमधल्या आठ्यांसाठी मान्यता आली.

डोसचा अंदाज यावा म्हणून सांगते. पक्षाघातानंतर आखडलेल्या हातापायांसाठी हेच औषध एका वेळी ४०० युनिटपर्यंत देतात. तुमच्या आठ्यांना २०.

मग घाबरायचं केव्हा?

गिळायला त्रास, बोलणं जड होणं, आवाज बसणं, श्वास घ्यायला त्रास, एकाच्या दोन वस्तू दिसणं, हातापायांत अशक्तपणा. यांतलं काहीही झालं तर चौदाव्या दिवसाची वाट न पाहता, माझ्या फोनचीही वाट न पाहता, जवळच्या मोठ्या रुग्णालयाच्या आपत्कालीन विभागात जा आणि इंजेक्शन घेतल्याचं सांगा. औषध लांब पसरल्याची ही लक्षणं काही तासांतही दिसू शकतात, काही आठवड्यांनीही. चेहऱ्याच्या नेहमीच्या डोसात हे अतिशय दुर्मीळ आहे. अशा बातम्या येतात त्या बहुधा बनावट किंवा भलत्याच ताकदीच्या मालाच्या. अंगावर गांधी उठणं, ओठ सुजणं ही ॲलर्जीची लक्षणं, त्यातही हाच रस्ता. टोचल्या जागी वाढत जाणारी लाली, गरमपणा, पू दिसला तर मला दाखवा.

इंजेक्शननंतर कळलं की दिवस गेलेत.

घाबरू नका, आणि पुढचं इंजेक्शन घेऊ नका. आपल्या स्त्रीरोगतज्ज्ञांना तारीख आणि डोस सांगा. गरोदरपणात आणि अंगावर पाजत असताना सौंदर्यासाठी हे आम्ही देत नाही. मायस्थेनिया ग्रेव्हिससारखा स्नायूंचा आजार असलेल्यांनाही देत नाही. जेंटामायसिन, ॲमिकेसिन ही प्रतिजैविकं चालू असतील तर औषधाचा परिणाम वाढू शकतो, तेही सांगा.

आम्ही शाकाहारी आहोत. यात प्राण्याचं काही असतं का?

बोटॉक्समध्ये मानवी रक्तातून काढलेलं अल्ब्युमिन हे प्रथिन अतिसूक्ष्म प्रमाणात असतं. डिस्पोर्टमध्ये त्याशिवाय दुधातली साखरही असते, म्हणून गाईच्या दुधातल्या प्रथिनाची ॲलर्जी असलेल्यांना ते चालत नाही. ज्यांना हे पटत नाही त्यांनी आधी विचारावं, मी कुपीवरची माहिती वाचून दाखवते.

डिसेंबरात मुलीचं लग्न आहे. कधी घेऊ?

निदान एक महिना आधी. दोन आठवडे औषध चढायला, एखादी भुवई सारखी करायला आणखी आठवडा, डाग पडलाच तर तो जायला वाव. पहिल्यांदाच घेत असाल तर चार-पाच महिने आधी एकदा घेऊन पाहा, म्हणजे लग्नाआधी दुसऱ्यांदा घेताना डोस ठरलेला असेल. लग्नाच्या आठवड्यात पहिलं इंजेक्शन मागणाऱ्यांना मी परत पाठवते. हळद लावताना चेहरा चोळला जातो, फेटा कपाळावर आवळून बांधतात, त्यामुळे इंजेक्शन आणि हे सोहळे यांत अंतर हवंच. दिवाळीतल्या अभ्यंगस्नानाचं तेल-उटणं, डोक्याची चंपी यांनाही निदान दोन-तीन दिवस थांबा. फेशियलला मी आठवडा सांगते.

दोन आठवड्यांच्या सुट्टीवर आले आहे, तेराव्या दिवशी परत दुबईला. जमेल?

उतरल्याच्या दुसऱ्या दिवशी या, परत जाण्याच्या आदल्या दिवशी दहाव्या-अकराव्या दिवसाची तपासणी होईल. इंजेक्शनच्याच दिवशी रात्रीचं विमान असेल तर मी देत नाही. विमानाने औषधाला काही होत नाही, पण काही बिघडलं तर तुम्हाला पाहायला जवळ कोणी नसतं.

पार्लरमध्ये निम्म्या दरात बोटॉक्स आहे.

ते बहुधा ‘हेअर बोटॉक्स’. केसांना लावायचा लेप, त्यात बोटॉक्सचा थेंबही नसतो. पण चेहऱ्यावर टोचायचं म्हणत असतील तर उठून या. ब्युटिशियनने इंजेक्शन देऊ नये. डॉक्टरची नोंदणी महाराष्ट्र मेडिकल कौन्सिलच्या संकेतस्थळावर पाहता येते. कुपी तुमच्यासमोर दाखवायला सांगा: नाव, बॅच क्रमांक, मुदत. औषध फ्रिजमध्ये दोन ते आठ अंशांत ठेवलेलं असावं, आणि पावतीवर किती युनिट दिले ते लिहिलेलं असावं. ‘फुल फेस पॅकेज’ असं नुसतं लिहून आकडा टाळणाऱ्या ठिकाणी औषध पातळ केलेलं असू शकतं. अमेरिकेतही २०२४ मध्ये बनावट बोटॉक्सने लोक रुग्णालयात गेले, तेव्हा हा आपल्याकडचाच प्रश्न आहे असं समजू नका.

जबड्याच्या स्नायूत घेतलंय. पंधरा दिवस झाले, चेहरा तेवढाच रुंद.

जबड्याला चौदाव्या दिवसाचा हिशोब लागू नाही. चावण्याचा स्नायू आधी कमजोर होतो, मग वापर नसल्याने हळूहळू आकसतो. आकारातला फरक दिसायला सहा ते आठ आठवडे लागतात. तोवर चिक्की, ऊस चावताना थकवा येईल.

घरी सांगू का?

तुमची मर्जी. बहुतेक घरच्यांना कळत नाही, ‘झोप चांगली झालेली दिसते’ एवढंच म्हणतात. पण डॉक्टरांना सांगायचंच. भूल घ्यायची असेल तर भूलतज्ज्ञांना सांगा, नेत्रतज्ज्ञांना सांगा. आणि घरात निदान एका माणसाला माहीत असू द्या. तोंड अचानक वाकडं झालं तर कपाळ हलतं का ते पाहून डॉक्टर पक्षाघात आहे की चेहऱ्याच्या नसेचा लकवा, याचा अंदाज घेतात. तुमचं कपाळ त्या महिन्यांत तसंही हलणार नाही, आणि त्या वेळी तुम्हाला बोलता येत असेलच असं नाही.